पाणी उकळण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या तुकडीतल्या सगळ्या नर्समध्ये हे पत्र फिरवा. आज जे घडलं ते तुम्हालाच सांगू शकते.

आमच्या चांद्याच्या दवाखान्यात आज सोमाभाऊंचा पाय मांडीपासून कापला. पोंभुर्ण्याकडचा हा माणूस, तळ्यात मासे धरणारा.

महिन्यापूर्वी पायावर झाड पडून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी बसवायचं ठरवलं. पट्टी आधी पाण्यात उकळून निर्जंतुक करायची होती, पण त्या दिवशी स्टोव्ह नीट पेटत नव्हता.

"पाणी अजून उकळलं नाही," मी म्हणाले.

"चालतं हो सिस्टर, द्या," डॉक्टर म्हणाले. आणि मी पट्टी तशीच दिली.

चौथ्या दिवशी जखमेत पू झाला. पेनिसिलिननंही तो थांबला नाही.

आज दुपारी त्यांच्या बायकोनं विचारलं, "बाई, तुमी त रोज जखम धूत होत्या. मंग यायचा पाय काऊन सडला?"

"हाडात पू गेला," एवढंच मी बोलले. कशामुळे गेला, ते सांगायची हिंमत झाली नाही.

"तुमी खूप केलं आमच्यासाठी," म्हणत तिनं माझे हात धरले.

उद्या दुसऱ्या एका बाईचं ऑपरेशन आहे. स्टोव्ह तोच, डॉक्टर तेच. तुमच्यापैकी कुणी कधी डॉक्टरांना थांबवलंय का? त्यांनी ऐकलं का?