मध्यंतरापर्यंतचं संगीत

शाळेतली नोकरी सांभाळून मी हिंगोलीच्या एका साप्ताहिकात सिनेमावर लिहायचे. शेवटच्या वाक्यात हमखास एक टोमणा असायचा आणि लोक तेवढ्यासाठीच वाचायचे. एका गंभीर मराठी सिनेमाबद्दल मी लिहिलं, "संगीतकार एवढे दुःखी आहेत, की नायिका भेंडी चिरायला बसली तरी आपण रुमाल काढतो." शिक्षकांच्या खोलीत ते वाक्य दोन दिवस फिरत होतं.

आठवड्याने संगीतकाराचाच फोन आला. मी त्यांना पुण्याचे समजत होते. ते निघाले आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावचे.

"मॅडम, तुमचं वाचलं. लई हसलो. रविवारी घरी या, जेवायलाच या."

शिव्या दिल्या असत्या तर कळलं असतं. पण जेवायला काहून बोलवून राहिला हा माणूस? नवरा म्हणाला, "जाऊ नको." मी गेले. एसटीत मात्र सारखं वाटत होतं, तिथे चार माणसं बसवलेली असतील, कुणीतरी मोबाइल धरून उभं राहील आणि माझ्याकडून माफी वदवून घेतील.

घरात फक्त ते आणि त्यांची बायको. ते पन्नाशीचे, किडकिडीत, भीमगीतांच्या कार्यक्रमांत पेटी वाजवत वाढलेले. बायकोने ताट वाढलं आणि म्हणाली, "भाजी भेंडीचीच हाय, मॅडम. रुमाल देऊ का?"

दोघं मोकळेपणी हसले. मीही हसले. हे हसणं खरं, की आधी ठरवलेलं?

जेवणानंतर त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. कॉम्प्युटर सुरू करता करता त्यांनी विचारलं, "पिच्चर पुरा पाहिला ना तुमी?"

"हो," मी लगेच म्हणाले.

खरं म्हणजे नांदेडला मी मध्यंतरातच उठले होते. हिंगोलीची बस चुकली असती. हे यांना कुणी सांगितलं असेल का? त्यांची नजर पडद्यावर होती.

त्यांनी सिनेमाचा मध्यंतरानंतरचा भाग लावला. नायिकेचा नवरा अपघातात जातो. त्यानंतर शेवटपर्यंत एक सूर नाही. पूर्वार्धात तिच्या प्रत्येक साध्या कामामागे वाजणारं ते जड संगीत गायब. ती तीच कामं करते, आणि ऐकू येतात फक्त विळी, पाणी, दाराची कडी. माझ्या अंगावर काटा आला.

"आधी लोकाला सवय लावायची, मंग काढून घ्यायची," ते म्हणाले. "डायरेक्टर न्हाई म्हणून राहिला होता. भांडलो त्याच्याशी."

निघताना ते म्हणाले, "तुमचा जोक बराबर हाय, मॅडम. अर्ध्या पिच्चरसाठी बराबर हाय."

म्हणजे माहीत होतं? परतताना कळमनुरी येईपर्यंत मी तेच वाक्य उलटंपालटं करत होते.

पुढच्या अंकात मी दुसरा लेख लिहिला, कौतुकाने ओथंबलेला. मध्यंतरात उठल्याचं त्यात लिहिलं नाही. त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी हसणं नव्हतं.

"हे काहून लिहिलं? जेवू घातलं म्हणून? गावात लोक म्हणून राहिले, बाईला घरी बोलावून लिहून घेतलं. जोकची तकलीफ न्हाई झाली मला. ह्याची झाली."

मग मात्र मी सांगून टाकलं, "मी मध्यंतरात उठून गेले होते. टोमणा अर्धा सिनेमा पाहून मारला."



"मंग तेवढंच लिहायचं होतं ना," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ही कबुली छापायला संपादक तयार नव्हते. "आपल्यावर विश्वास कोण ठेवील?" मी हट्ट धरला तेव्हा चार ओळी आतल्या पानावर, कोपऱ्यात छापल्या. मुख्याध्यापकांनी वाचल्या आणि कारणं खरी होती की खोटी, म्हणून माझ्या रजेचे जुने अर्ज पुन्हा तपासले, असं शिपायाने सांगितलं.

संगीतकारांनी त्या ओळी वाचल्या की नाही, ठाऊक नाही. फोन आला नाही. त्यांच्या बायकोचा मात्र रोज सकाळी फुलांचा मेसेज येतो. तो मला एकटीलाच येतो की तिच्या फोनमधल्या सगळ्यांना, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.