निवडलेल्यांची भाकर

वडिलांनी प्रभुभोजन नाकारलं ते शनिवारी दुपारी. सोमवारी कोल्हापूरला त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. रविवारी सकाळी रत्नागिरीहून निघायचं होतं, म्हणून चर्चचे पाळक येशूच्या स्मरणाची ती भाकर आणि द्राक्षरसाचा पेला घेऊन घरी आले होते.

आमच्या छोट्या चर्चची शिकवण जुन्या मिशनऱ्यांकडून आलेली. कोण तरणार हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलं आहे. माणसाच्या पुण्याने ते बदलत नाही. वडील निवृत्त शिक्षक. संडे स्कूलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं हेच शिकवलं, दिलासा म्हणून. आता त्यांना स्वतःत देवाने निवडल्याची एकही खूण सापडत नव्हती. अपात्र माणसाने ती भाकर खाल्ली तर तो स्वतःवर देवाचा दंड ओढवून घेतो, असं ते मानत.

पाळकांनी समजावलं की ही काळजी हीच खूण. देवाने ज्यांना टाकलं त्यांना काळजी वाटत नाही.

"आणि काळजी थांबली तर?" वडिलांनी विचारलं.

पाळकांनी पेल्यावर रुमाल टाकला. उद्या निघण्याआधी पुन्हा येतो म्हणाले आणि गेले.

शेजारचे काका तिथेच बसले होते. त्यांच्या गावी देवीला कौल लावतात. मूर्तीला तांदळाचे दाणे चिकटवायचे. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार.

"मास्तर, डावा आला तर आम्ही गाऱ्हाणं घालतो, परत विचारतो. तुमच्यात ती सोय नाय?"

"विचारून बदलतो तो देव कसला?"

"आणि न विचारता टाकतो तो?"

वडील उठून आत गेले. रात्री नीट जेवलेही नाहीत.

सकाळी गाडी फाटकाशी लागली तेव्हा काका आले. आदल्या संध्याकाळी गावी जाऊन त्यांनी वडिलांसाठी कौल लावला होता. ते पुढे बोलणार तोच वडील म्हणाले, "काय आला ते सांगू नका."

काकांनी बरं म्हणून मान हलवली. वडील त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मीही बघितलं. काही कळलं नाही.

एवढ्यात पाळक पोचले. वडिलांनी गाडीत बसूनच हात पुढे केला.

"चुकत असेन, तर तेही आधीच ठरलेलं असेल," ते म्हणाले आणि भाकर तोंडात घातली. मग पेल्यातला घोट घेतला. पाळकांनी प्रार्थना थोडक्यात केली.

भाकर खाल्ल्यापासून आंबा घाट चढून जाईपर्यंत वडिलांची बोटं स्वतःच्या नाडीवर होती.