शिफ्टसाहेबांचा चार्ज

शिफ्टसाहेब कुठूनही नुसते उठून जात नसत. आधी चार्ज देत. गणपतीच्या मंडपात आरतीचं तबक त्यांच्या हातात असलं आणि मधेच पाणी प्यायला जायचं झालं, तर शेजाऱ्याच्या कानाशी लागून सांगत, "निरांजनात तूप भरपूर आहे, कापूर संपत आला, डाव्या बाजूच्या पोट्ट्यांवर लक्ष ठेव." शेजारी मान हलवे. तेवढ्याने भागत नसे. "घेतला म्हण ना बे!" मग तो बिचारा आरतीच्या कडव्यात "घेतला" म्हणे आणि साहेब पाण्याकडे वळत. एकदा दुर्गच्या स्मशानात त्यांनी आपल्या साडूच्या चितेचा चार्ज माझ्याकडे दिला होता. लाकडं कोरडी, वारा पश्चिमेचा, भटजी घाईत. मी मुकाट्याने घेतला. न घेऊन सांगतो कुणाला?

ही सवय पोलादाच्या प्लँटची. भट्टी रात्रंदिवस पेटलेली, तिला रविवार नाही की दिवाळी नाही. कंट्रोल रूममध्ये जाणारा माणूस येणाऱ्याला सगळी हालत तोंडी सांगतो, येणारा "घेतला" म्हणतो, आणि मगच जाणाऱ्याने दाराबाहेर पाय टाकायचा. हा येणारा, म्हणजे रिलीव्हर, आलाच नाही, तर पुढची शिफ्टही उभ्याने काढायची. हे सगळेच करत, पण बाकीचे गेटवर कार्ड पंच केलं की माणसात येत. साहेब मात्र सायकलवर बसूनही शिफ्टमध्येच असत. मी दुर्गच्या मोहन नगरातून बसने येणारा नवा पोरगा, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांच्या खात्यात, त्यांच्या हाताखाली लागलो. पुढे त्यांच्याच गल्लीत क्वार्टर मिळालं, आणि ड्यूटीनंतरही सुटका राहिली नाही.

घर आपण चालवतो, अशी साहेबांची प्रामाणिक समजूत होती. ड्यूटीला निघताना दारात उभं राहून ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, चार्ज देत. "दूध तापवलेलं आहे. टाकी अर्धी. मागच्या दाराची कडी सैल." काकू विळीवरून नजर न उचलता "घेतला" म्हणत. दूध काकूंनी तापवलेलं, टाकी काकूंनी भरलेली, आणि कडी सैल असल्याची तक्रार महिनाभर काकूच करत होत्या. चहाचा डबा कोणता आणि हळदीचा कोणता, हे साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण घरच्या कारभारात एकाने फक्त घोषणा करायची असेल, तर ती साहेबांइतक्या ऐटीत कुणी करत नसे. बाकी दोघांमध्ये कामाव्यतिरिक्त बोलणं मी कधी ऐकलं नाही.

आजार हातापासून सुरू झाला. आधी पॅनेलसमोर उभ्या उभ्या हातातून पेन पडू लागलं, मग पाय अडखळू लागले, मग जीभ जड झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी एएलएस असं नाव सांगितलं. इलाज नाही, हेही सांगितलं. परत आल्यावर साहेबांनी मला बोलावून अडखळत आजार समजावला, जणू तो माझ्याच सेक्शनला झाला होता. "सेन्सर सगळे ठीक आहेत. दिसते, ऐकू येते, मुंगी चावली तर समजते. फक्त हलवणारं काही चालून नाही राहिलं." डॉक्टरांच्या अर्ध्या तासापेक्षा मला हे जास्त समजलं. काही महिन्यांत बोलणंही गेलं आणि उरले ते डोळे.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. साहेबांचे कान शाबूत आहेत, हे कुणाला पटत नसे. गणपती मंडळाचे अध्यक्ष पलंगाशी वाकून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत, "ओळखलं काय साहेब?" आणि मग काकूंकडे वळून हळू आवाजात, म्हणजे साहेबांना व्यवस्थित ऐकू येईल अशा आवाजात, "आता काही खरं नाही" म्हणत. साहेब डोळे मिटून घेत. लोकांना वाटे, झोप लागली.

आमच्या सेक्शनमधल्या वर्गीसने तेव्हा डोक्यात घेतलं की डोळे शाबूत आहेत तर डोळ्यांनीच कॉम्प्युटर चालवू. लोखंड वितळलं की नाही हे लांबून ओळखणारी उपकरणं आम्ही सांभाळत होतो, एक बुबुळ डावीकडे गेलं की उजवीकडे एवढं ओळखणं काय कठीण? सुपेल्याच्या बाजारातून चष्म्याची बिनकाचेची फ्रेम आणली. तिच्यावर न दिसणारा उजेड टाकणारा एक बारीक दिवा आणि तो परत आलेला उजेड पकडणारा सेन्सर बसवला. जुना कॉम्प्युटर ऑफिसकडून मागून घेतला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, नजर वळवली की चौकट सरकते, थांबवली की टूं असा आवाज होऊन अक्षर उमटतं. एक वाक्य लिहायला चहा थंड होईल इतका वेळ लागे. आम्हाला मात्र आपण चंद्रावर गेल्यासारखं वाटत होतं.

उद्घाटनाला मंडळ जमलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पहिला संदेश "सर्वांचे आभार" असा यावा, असं अध्यक्षांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. चौकट वेड्यासारखी इकडेतिकडे पळत राहिली. मोठ्या कष्टाने अक्षरं उमटली, "खिडकी बंद करा." "थंडी वाजून राहिली साहेबांना!" अध्यक्ष कळवळले. खिडकी उघडीच ठेवून, सत्कारासाठी आणलेली शाल भर मे महिन्यात साहेबांच्या गळ्यापर्यंत पांघरली गेली. साहेब घामाने निथळत पुन्हा लिहू लागले. "ऊन सेन्सरवर येते. गाढवांनो." वर्गीसने धावत जाऊन खिडकी लावली, आणि चौकट शहाण्यासारखी चालू लागली. अध्यक्षांनी भाषण आटोपतं घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी काकूंना चार्ज द्यायला सुरुवात केली. या वेळचा चार्ज कसला आहे, हे न सांगताही खोलीत सगळ्यांना समजलं. बंबाची वायर, स्कूटरचा पेट्रोल कॉक, मागच्या नळाचा व्हॉल्व, एकेक वाक्य डोळ्यांनी ओढून आणत होते. आणि काकू "घेतला" म्हणेनात. "कोणता व्हॉल्व? पुन्हा सांगा बरं." साहेब पुन्हा लिहीत. "डावीकडे फिरवायचा का उजवीकडे?" ते पुन्हा लिहीत. हे दिवसेंदिवस चाललं. त्या माणसाचे डोळे लाल व्हायचे. शेवटी मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "काकू, सोपं आहे हो. मागचा, लाल चाकाचा."

काकू पोळ्या लाटत होत्या. "मले समजत नाही असं वाटते काय तुले, सुधीर? तो व्हॉल्व मीच बसवून घेतला. हे ड्यूटीवर होते तेव्हा."

"मग घेतला म्हणा ना एकदाचं!"

त्यांनी लाटणं थांबवलं. "म्हटलं का निघतीन ते," त्या म्हणाल्या. "रिलीव्हर नाही आला तर माणूस जागा सोडत नाही. तुमच्या प्लँटचाच नियम आहे ना?"

मी पाणी पिऊन बाहेर आलो. त्या दिवसापासून मीही व्हॉल्वबद्दल शंका विचारू लागलो.

पावसाळा सरता सरता साहेबांचा श्वास जड झाला. बसवून ठेवलं तरी दम लागे. एका दुपारी मी आणि वर्गीस चष्म्याची वायर जोडत होतो, काकू त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होत्या. साहेबांनी लिहायला घेतलं. व्हॉल्व नव्हता, स्कूटर नव्हती, का हा एकच प्रश्न होता. "कावून घेत नाही?" मग, "थकलो."

काकूंनी पदराने त्यांच्या गालावर ओघळलेला थेंब पुसला. तो औषधाचाच होता असं मी आजही म्हणत नाही. मग त्या पलंगाशी सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घेतला चार्ज. सगळा घेतला. संपली तुमची ड्यूटी." वर्गीस बाहेर निघून गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी रजा टाकली. साहेबांची अमरावतीची बहीण आली. अध्यक्ष तर रोज सकाळी फाटकाशी येऊन चेहरा लांब करून जात. पण साहेबांनी आम्हा सगळ्यांना तोंडघशी पाडलं. ते गेलेच नाहीत. उलट तजेलदार दिसू लागले. बहीण आठवडाभर थांबून, काहीशी नाराज होऊनच परत गेली. एक मात्र बदललं. साहेबांनी सूचना देणं पार बंद केलं. दुपारी काकू खोलीचं दार लोटून घेत, आणि आतून तो टूं टूं आवाज येत राही. मधे काकूंचं बोलणं, पुन्हा टूं टूं. एकदा काकूंचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांच्या शेजारात ते मी पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी मी गेलो की पडदा कोरा असे.

थंडी पडल्यावर, एका सकाळी झोपेतच साहेब गेले. दिवसवार झाल्यावर मी कॉम्प्युटर परत न्यायला गेलो. काकूंनी तो पुसून, वायरी गुंडाळून तयार ठेवला होता. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"काकू, साहेब दुपारी काय लिहीत हो?"

"ड्यूटीचं काही नव्हतं त्यात." त्यांनी वायरींचं भेंडोळं माझ्याकडे सरकवलं. "पहिल्या दिवशी विचारलं, तुले खायले काय आवडते? लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आता विचारून राहिले. स्वतःच्या पोटात तर नळीनं पेज जाऊन राहिली होती."

"मग काय सांगितलं तुम्ही?"

काकू हसल्या आणि चष्म्याची फ्रेम माझ्या हातात दिली. "सांगितलं ना त्यायले. तुले कावून सांगू?"