वजीरभाई आणि अजहरचा बोकड

शेळ्यांच्या बाबतीत अख्ख्या ईट गावात वजीरचा हात धरणारा कुणी नव्हता, निदान वजीरला तरी तसं वाटायचं. बाजारात बोकडाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून तो वजन सांगायचा आणि चार माणसं माना डोलवायची. पण गेल्या बकरी ईदेपासून गिऱ्हाईक बाजारात फिरकेनासं झालं. ते घरी बसून मोबाइलवर बोकड बघू लागलं, आणि मोबाइलवर होता अजहर.

अजहर म्हणजे वजीरचा धाकटा चुलतभाऊ, दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्याला शेळ्यांतलं कळतं तरी काय, असं वजीर घरात दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. अजहरला पहिली शेळी निवडून दिली होती ती वजीरनंच. आणि आता ते कालचं पोरगं काळा चष्मा लावून बोकडाशेजारी उभं राहायचं, मोबाइलकडं बघून गोड हसायचं, आणि पुण्या-सोलापूरच्या गाड्या त्याचं घर विचारत यायच्या. कधीकधी तर वजीरच्याच दारात थांबून विचारायच्या. वजीर हात करून रस्ता दाखवायचा आणि मग तासभर कुणाशी धड बोलायचा नाही.

यंदा अजहरकडं शेरा होता. काळाभोर, भरल्या छातीचा, कानांवर पांढरे ठिपके. बघायला आलेला जो तो 'माशाल्लाह' म्हणत होता. आपल्या कौतुकानं जनावराला नजर लागू नये म्हणून म्हणायचा एवढासा शब्द, पण वजीरच्या घशातून तो काही वर येईना. "बराय," एवढं बोलून तो घरी आला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

"आपण बी ऑनलाइन करायचं," त्यानं बायकोला, फातिमाबीला, जाहीर केलं.

जाहीर करणं सोपं होतं. पहिल्या व्हिडिओत बोकडापेक्षा वजीरचा अंगठाच जास्त आला. दुसऱ्यात बोकड आला, पण गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायचा तो मस्जिदीच्या ग्रुपवर गेला, तोही कुणाच्या तरी मयतीच्या निरोपाखाली. तो काढून टाकायचा कसा, हे वजीरला कुणी शिकवलेलं नव्हतं. लोकेशन, कॅटलॉग, लिंक असले शब्द ऐकले की त्याचं डोकं गरगरायचं. अजहरला हे सगळं इतकं सहज कसं जमतं, या विचारानं तर अंगाची लाहीलाही व्हायची. शेवटी फातिमाबीनं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि तुम्ही फक्त जनावर धरा म्हणाली.

वजीरनं धरली ती हडकुळी जनावरं. गोठ्याच्या मागच्या बाजूला पोत्याच्या पडद्याआड त्याचा नवाब बांधलेला होता. शेरापेक्षाही उजवा, पोरासारखा वाढवलेला. त्याला काही वजीर पुढं आणीना.

"चांगलं जनावर झाकून ठेवायचं अन् मरतुकडी दाखवायची, ह्याला धंदा म्हणत्यात व्हय?" फातिमाबी म्हणाली.

"लई लोकं बघत्यात. कुणाची नजर कशी असल, काय सांगावं?"

"सगळ्यांचीच नजर वाईट असती व्हय?"

वजीरनं पोत्याचा पडदा आणखी ओढून घेतला. सगळ्यांचं त्याला ठाऊक नव्हतं. एका माणसाच्या नजरेचं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो माणूस तो स्वतःच होता. अजहरचा स्टेटस पडला रे पडला की वजीर भिंतीकडं तोंड करून तो बघायचा. शेरा उड्या मारतोय, शेरा मका खातोय, शेराला पोरं हार घालतायत. बघता बघता मनात यायचं, एखाद्या दिवशी लंगडू दे जरा. आपण चोरून बघतोय, कुणाला पत्ता नाही, असं त्याला वाटायचं.

ईद तोंडावर आली. हडकुळ्या बोकडांसाठी एकही फोन आला नाही. नवाब यंदा गेला नाही, तर वर्षभराचा खुराक अन् सगळी मेहनत वाया जाणार होती, आणि वजीरला तर दिवसभर अजहरच दिसत होता.

एका दुपारी फातिमाबी बाहेरून घाईघाईनं आली. "शेरा पडलाय. पोट फुगलंय."

ऐकलं आणि वजीरला आधी बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं. चपला न घालताच तो निघाला.

अजहरच्या अंगणात शेरा आडवा पडला होता. जनावरांचे डॉक्टर औषध पाजून हात धूत होते. "मका जास्त झाला. व्हिडिओसाठी चारत बसला असाल दिवसभर," ते अजहरला रागावत होते. "वाचेल, पण सांभाळा."

मक्याचं कारण बऱ्याच जणांना पटलं. वजीरला पटलं नाही.

"नजर लागली माझ्या शेराला," अजहरची बायको सबिहा डोळे पुसत म्हणाली. "रोज कशाला दाखवायचा हुता जगाला?"

वजीरची मान वर होईना.

"लागली असल परक्या कुणाची," अजहर म्हणाला. "आपल्या माणसांची न्हाय लागत. स्टेटस टाकला की पैल्यांदा कोण बघतं, ठाऊकाय? वजीरभाई. रोजच्या रोज."

"तुला कसं कळलं?" वजीरचा आवाज चिरकला.

"कोण कोण बघतं ते मोबाइल सांगतो की, भाई. तुमचं नाव दिसलं की म्या हिला म्हणतो, मोठ्या भावाचं ध्यान हाय आपल्यावर. मग कुणाचं भ्या वाटत न्हाय."

वजीरला तिथंच खड्डा खणून आत बसावंसं वाटलं. तो खाली वाकला, शेराच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला आणि इतके दिवस अडकून बसलेला शब्द एकदाचा बाहेर आला. "माशाल्लाह." बाजूच्यांना तो ऐकूही गेला नसेल.

"असलं अशक्त जनावर कुर्बानीला द्यायला माझं मन घेत न्हाय," अजहर म्हणाला. "शेरा ठरवून ठेवलेलं सोलापूरचं गिऱ्हाईक हाय, चांगलं माणूस हाय. तुमच्या नवाबचा व्हिडिओ द्या, म्या पाठवतो."

"नवाब तुला ठाऊकाय?"

"पडद्यामागं बांधला म्हणून वरडायचा थांबतो का तो, भाई?"

त्या संध्याकाळी नवाब पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला, उन्हात, मान ताठ करून. फातिमाबीनं व्हिडिओ अजहरला पाठवला आणि स्टेटसलाही टाकला. कोण कोण बघतं ते कुठं दिसतं, हे वजीरनं तिच्याकडून समजून घेतलं. पहिलं नाव अजहरचं आलं. मागोमाग सोलापूरहून फोन आला आणि नवाबचा सौदा झाला.

वजीरनं उठून कोनाड्यातला काळा दोरा काढला.

"आता कशाला?" फातिमाबी म्हणाली. "नवाब तर चाललाय परवा. अन् अजहरभाईची नजर न्हाय लागत."

"त्याची न्हाय लागत, ठाऊकाय मला."

शेरा बरा होणार होता. अजहर पुन्हा काळा चष्मा लावून त्याच्याशेजारी उभा राहणार होता, नवा स्टेटस टाकणार होता, आणि आपण तो बघितल्याशिवाय राहणार नाही, बघितला की पोटात दुखल्याशिवाय राहणार नाही, हे वजीरला स्वच्छ कळत होतं. एका दिवसात माणूस काही बदलत नाही.

त्यानं दोरा मुठीत धरला आणि शेराच्या गळ्यात बांधायला अजहरच्या घराकडं निघाला.