आईचा हार आणि गाडीचा वायपर

देवीशी माझं कधी गोडीगुलाबीनं जमलं नाही. आमच्या मुठा खोऱ्यातल्या वाघजाईला मी लहानपणापासून मानते, पण मानते म्हणजे तिच्याशी भांडते. पाऊस लांबला की भांडते, म्हैस आटली की भांडते. माझी धाकटी जाऊ सुनंदा म्हणायची, "आक्का, तुमी देवीला सासूसारखं बोलताय." मी म्हणायचे, बोलते म्हणून तर ती ऐकते. पण ती खरंच ऐकते का, हा प्रश्न गेल्या वर्षी आषाढी अमावास्येला माझ्यापुढं उभा राहिला.

अमावास्येला आमच्याकडं गाडीची पूजा असते. गुरव सकाळी वाघजाई आईच्या गळ्यातला झेंडूचा हार प्रसाद म्हणून देतो. तो मी बॉनेटवर आडवा घालते आणि त्याची टोकं दोन्ही वायपरच्या दांड्यांना बांधते. आमच्या भागात अशा कितीतरी गाड्या दिसतील. हा हार आपण होऊन गळेपर्यंत काढायचा नाही आणि त्याला सुरी-विळ्याचं लोखंड तर लावायचंच नाही, गळला की नदीत सोडायचा, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. त्या सकाळीही मी तसाच हार बांधला आणि स्वयंपाकाला लागले.

दुपारी दीर बाळू भातखाचरातून धावत आला. सुनंदाला भाताची आवण लावताना बांधावर घोणस चावली होती. आम्ही तिला उचलून आणेपर्यंत पाय घोट्याच्या वर सुजला होता. यजमान टेम्पो घेऊन चाकणला गेलेले, फोनला रेंज नाही, आणि विषावरचं इंजेक्शन मिळणार ते पिरंगुटला. गाडी मला येते. बाळू तिला घेऊन मागं बसला आणि आम्ही निघालो. पाऊस असा की समोरची म्हैस दिसू नये.

खिंडीच्या चढाला वायपर अर्ध्या काचेवर थबकले. घूं करून आवाज आला, मग तोही बंद. काचेवर नुसतं पाणी. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल. बाळू ओरडला, "वहिनी, थांबू नका, तिची जीभ जड झालीया!" मी काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी थोडी रेटली, तेवढ्यात चाक कडेच्या दगडाला घासलं. तिघांना दरीत घालण्यापेक्षा थांबलेलं बरं, म्हणून ब्रेक दाबला. आणि मी देवीला खच्चून शिवी दिली. लपवत नाही. म्हटलं, सकाळी तुझा हार घातला, त्याचं हे फळ दिलंस होय?

मग कसं कोण जाणे, यजमान गाडी दुरुस्त करताना मला जे ऐकवायचे ते डोक्यात आलं. आधी कान दे, मग हात घाल. आवाज आला होता, म्हणजे मोटरीला वीज पोचत होती. दांडा हलला नाही, म्हणजे पुढं काहीतरी धरून ठेवतंय. मी उतरले. हाराची फुलं पावसानं कधीच वाहून गेली होती, पण नायलॉनचा दोरा दांड्याच्या बुडाशी गरगर गुंडाळून, काचेखालच्या जाळीच्या फटीतून आत जाऊन गच्च आवळला होता. माझ्याच भक्तीनं गाडीचा गळा धरला होता. ओढला तर बोट कापलं, दोरा हलेना.

वरच्या खाचरातून एक बाई उतरून आली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात विळा. तिनं गाडीत डोकावून सुनंदाचा पाय पाहिला आणि विळा माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "देवीचा हार आहे, त्याला लोखंड चालत नाही." ती म्हणाली, "बाई, तुमची देवी त्या दोऱ्यात हाय, का हितं मागं पडलेल्या पोरीत हाय? कापा की!"

मी विळा घेतला. मनात म्हटलं, आई, आता तुझं तू बघ, माझं काही चालत नाही. आणि कापला. फटीतला वेढासुद्धा विळ्याच्या टोकानं उचकून काढला. आत बसून बटण दाबलं तर काहीच नाही. आवाजही नाही. क्षणभर मी बसल्या जागी संपले. पण मघाशी आवाज होता आणि आता नाही, तर अडकलेल्या मोटरीनं फ्यूज उडवला असणार. पुन्हा उतरून बॉनेट उघडलं. त्या बाईनं अंगावरची खोळ काढून फ्यूजच्या पेटीवर तंबूसारखी धरली आणि स्वतः उघड्यावर भिजत राहिली. वायपरचा फ्यूज खरंच जळला होता. झाकणाच्या आत त्याच रंगाचा जादा फ्यूज होता, तो बसवला. बटण दाबलं. वायपर सणकून फिरले आणि समोर लख्ख रस्ता दिसला. मी "आई गं!" म्हणून किंचाळले, बाळू रडायला लागला आणि ती बाई बॉनेटवर थाप मारून ओरडली, "पळा आता!"

आम्ही वेळेत पोचलो. सुनंदा वाचली.

ती बाई म्हणजे वाघजाईच, असं आमच्या गल्लीत ठरून गेलं. मलाही तसं वाटायला लागलं होतं, म्हणून साडी आणि नारळ घेऊन मी खिंडीखालच्या वस्तीत गेले. ती सापडली. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि ती तांदूळ निवडत बसली होती. मी पाया पडायला वाकले तशी ती हसून मागं सरली. "मी कसली देवी? त्या दिशी भिजून लई शिंकले मी. आमी देवीबिवी मानत न्हाई. पोरगी कशी हाय ते सांगा." बरी आहे म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. साडी तिनं परत केली, नारळ मात्र ठेवून घेतला. म्हणाली, "चटणी करू, बसा, खाऊनच जा." त्या घरात मी जी भाकरी-चटणी खाल्ली, तिच्यापेक्षा मोठा प्रसाद मला कोणत्याही देवळात मिळालेला नाही.

कापलेला दोरा मी आईच्या पायाशी ठेवला. शिवीची माफी मागितली नाही. आमचं नातं तसलं नाही. इतकी वर्षं मी तिला माझ्या गाठींनी बांधून ठेवत होते आणि त्यालाच श्रद्धा म्हणत होते. ती विळा घेऊन आली, तेव्हा कुठं त्या गाठी सुटल्या. कुणाच्या हातातून यायचं, ते तिचं तिनं ठरवलं.

यंदा अमावास्येला हार बॉनेटवर टेकवला आणि लगेच काढून सुनंदाच्या अंबाड्यात माळला. ती तशीच आवणीला गेली. मी खाचराच्या कडेला गाडी लावून, धो धो पावसात, कुठंही जायचं नसताना वायपर चालू करून बसले. काच पुसली जायची आणि दर वेळी समोर ती दिसायची, गुडघाभर चिखलात वाकलेली, केसांत झेंडू, माझ्याकडं बघून ओरडणारी, "आक्का, गाडीत बसून काय बघताय, या की लावायला!"