गार चहाची वहिनी

सकाळचा पहिला चहा वहिनीच करायची आणि सगळ्यांत शेवटी तीच प्यायची, तोही गार झालेला. आईला आल्याचा, मला बिनसाखरेचा, असे कप भरून झाले की स्वतःचा कप ओट्यावर झाकून ठेवायची आणि कणीक मळायला घ्यायची. बऱ्याच वेळानं, साय धरलेला तो चहा उभ्याउभ्या घटाघटा संपवायची. "अगं, गरम करून तरी घे," मी म्हणायचे. "मला गारच आवडतो, ताई. माझं काय, चालतं," हे तिचं ठरलेलं उत्तर. शेजारच्या हंसाबेन तर दारातूनच विचारायच्या, "भाभी, चाय में बरफ डालूँ क्या?" यावर वहिनीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

दादा बोटीवर नोकरीला. वर्षातले जेमतेम काही महिने घरी. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरात खरा संसार तिचा, त्यांच्या लहान मुलीचा, आईचा आणि माझा. मी लग्न केलं नाही. ऑफिसात प्रशासन बघते आणि घरीही तेच करते, असं दादा चिडवतो. वाणसामान, बिलं, आईच्या तपासण्या, सगळ्याच्या याद्या फ्रिजवर माझ्या अक्षरात. घरात काय संपलंय, कुणाला काय चालत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारावं, असा माझा तोरा. वहिनी रोह्याजवळच्या एका गावातली. नात्यानं माझ्याहून मोठी, तरी मी तिला 'तू' म्हणायचे आणि ती मला 'तुम्ही'. हे बदल, असं मी तिला कधी म्हटलं नाही.

तिला थंडी फार वाजायची. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत असताना ती पंख्यापासून लांब, पदर खांद्यावरून घट्ट ओढून बसायची. "आमची सून शिमल्याची," आई आल्यागेल्याला सांगायची. दुपारी निवडत बसली की तिचा बसल्या जागी डोळा लागायचा. आई त्याला सरळ आळस म्हणायची. आणि केबिन रोडची तिला विलक्षण ओढ होती. बिल्डिंगखाली वाण्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळं असताना ही भर उन्हात पिशवी घेऊन तिकडे चालत जायची. "फिरायला निमित्त लागतं हिला," आई पुटपुटायची. "तिकडे भाजी ताजी असते, आई," असं म्हणून वहिनी पिशवीची घडी घालायची आणि विषय संपायचा.

आमच्या घरात एक किस्सा पाहुण्यांना हमखास सांगितला जाई. वहिनीच्या आधी दादासाठी एक मुलगी जवळजवळ ठरली होती. तिला थायरॉईडची गोळी चालू आहे हे कळलं आणि आईनं नकार दिला. "मुलगी छान होती हो, पण जन्माची गोळी! कोण निस्तरणार?" आई रंगवून सांगायची. शेवटचं वाक्य माझं असे, "वॉरंटीच नव्हती हो!" सगळे हसत. वहिनी त्या वेळी पोह्यांच्या बशा देत असायची. तीही हसायची.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तिला ताप आला. आधी साधा वाटला. उलट्या, अन्न पोटात ठरेना, मग श्वास पुरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा विषाणूचा न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार? चालू औषधं?" तिला बोलता येत नव्हतं. मी फाइल उघडून ठामपणे म्हणाले, "काहीही नाही. आमच्या घरात तीच सगळ्यांत ठणठणीत." तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. दादा समुद्रात होता, त्याला यायला वेळ लागणार होता.

तिथल्या डॉक्टर शांत स्वभावाच्या, थोडं थांबून बोलणाऱ्या. रक्ताच्या रिपोर्टात थायरॉईड खाली गेलेलं दिसलं तेव्हा मीच घाबरून विचारलं, "मग त्याचं औषध सुरू करताय ना?" त्यांनी समजावलं, "एवढ्या मोठ्या तापात शरीर स्वतःच गॅस बारीक करतं. खूप पेशंटचं असं होतं. आपण मुद्दाम मोठा करायचा नसतो. माणूस सावरला की आकडे आपोआप वर येतात." मला ते पटलं. ताप उतरला, छाती मोकळी होऊ लागली. पण मशीनसाठी दिलेलं झोपेचं औषध बंद करूनही वहिनी जागी होईना. नाडी मंद, हातपाय गार, पापण्या सुजलेल्या. डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलं. "नीट आठवा. घरी कुठली गोळी चालू होती?" मी जरा दुखावूनच म्हणाले, "मॅडम, असती तर मला माहीत असती."

वहिनीची आई गावाहून येऊन बाहेरच्या बाकावर बसून असायची. फारसं बोलायची नाही. त्या दिवशी ती माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"ताई, डॉक्टरीणबाई गोळीचं विचारतायत ना?"

"हो मावशी. पण काही नव्हतीच."

"होती."

मी वळून बघितलं. मावशींनी माझा हात धरला. "रागावू नका. कॉलेजात होती तेव्हापासून थायरॉईड आहे तिला. दोन ठिकाणी खरं सांगितलं, दोन्ही स्थळं मोडली. तुमच्याकडे मग सांगितलंच नाही. मीच तिला म्हटलं, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, वर थोडा वेळ चहा प्यायचा नाही, एवढंच तर आहे. कुणाला कळतंय? बाळंतपणही माहेरी केलं, ते त्यासाठीच. शिवणाच्या डब्यात बटणांखाली बाटली असेल बघा." मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, "बरी झाली की तिला परत तर नाही ना पाठवणार?"

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. माझ्या नाकाखाली, माझ्याच घरात, एवढी गोष्ट मला माहीत नाही! तो अपमान ओसरायला वेळ लागला. मग कळलं, की लेक आत मशीनवर आहे आणि ही बाई इतके दिवस गप्प बसली ती आम्हाला भिऊन. मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. "चला, आधी डॉक्टरांना सांगू," असं काहीतरी म्हणाले असेन. नाही पाठवणार, असं मात्र म्हणाले नाही.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि रिपोर्ट पुन्हा उघडला. "तापानं खाली गेलेलं आणि मुळातलं, दोन्ही एकावर एक बसलंय. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून उलगडेना. हे आधी कळलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. नाकातल्या नळीतून गोळी सुरू झाली. वहिनी हळूहळू जागी झाली. नुसत्या गोळीनं झालं असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, ताप उतरतच होता म्हणाल्या. श्वासाची नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात वहिनीनं पहिलं विचारलं ते हे, "आईंना कळलं?" मी होकारार्थी मान हलवली. तिनं डोळे मिटून घेतले.

ती घरी आली. आई चांगली वागली, हे मान्य करायला हवं. पेज भरवली, पाय चेपले, पहाटेची गोळी स्वतः हातावर ठेवली. किस्सा पुन्हा कुणाला सांगितला नाही. पण वहिनीचं थायरॉईडही कुणाला सांगितलं नाही. "लोकांना कशाला?" आई म्हणाली. मलाही ते सोयीचं वाटलं. हंसाबेन भेटायला आल्या, "भाभी को इतना टाइम क्यूँ लग रहा है ठीक होने में?" मी दारातच म्हणाले, "कुछ नहीं बेन, कमजोरी है." वहिनी आतल्या खोलीत पडून होती. दार उघडं होतं.

दादा परत आला, त्यानं बोट सोडून बंदरावरची नोकरी धरली, आणि काही महिन्यांनी दोघांनी पूनम सागर वसाहतीत भाड्यानं घर घेतलं. मुलीची शाळा जवळ पडेल, असं कारण सांगितलं. लांब नाही, रिक्षानं जाता येतं. सामान बांधायला अर्थातच मी पुढे. भांडी, कपडे, पुस्तकं, खोकी लावत होते. खोलीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, "वहिनी, आमचं काही चुकलं का गं?"

"छे हो, ताई. तुम्ही सगळ्यांनी किती केलंत माझं." ती चादरीची घडी घालत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पण त्या दिवशी हंसाबेनना तुम्ही दारात 'कमजोरी' म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, 'मला गारच आवडतो' म्हणणारी मीच बोलतेय."

तिनं घडी खोक्यात ठेवली आणि पुढची चादर उचलली. खोक्यावर नाव घालायला मी मार्करचं टोपण काढलं होतं. ते हातात तसंच राहिलं. काय लिहायचं होतं तेच मला आठवेना.