मागच्या पडवीतले दोन ड्रम

नवरा निवृत्त झाला त्या आठवड्यात मी वहीत सतरा कामं लिहून ठेवली होती. पीएफचे कागद, माझ्या मोतीबिंदूची तपासणी, गच्चीची गळती, गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव लावणं, अशी. बुधवारी वही उघडली तर खाली त्यांच्या हस्ताक्षरात अठरावं काम होतं : समुद्राजवळ राहायला जाणे.

"हे काय?" मी विचारलं.

"काम. तू लिहितीस तसंच लिहिलंय."

"फिरायला जायचं असेल तर तसं लिहा. दिवाळीत बघू."

"फिरायला न्हाई. राह्यला."

ते केदारखेड्याच्या मेंढपाळ घरातले. वडिलांच्या मेंढरांमागे वाढले, मग जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गोदामात लागले आणि पत्र्याखाली पोती मोजत आयुष्य गेलं. मेंढरं केव्हाच विकली गेली, पण नजर राहिली. भोकरदनच्या आमच्या गच्चीवर उभं राहून समोरच्या बाभळीवर काय बसलंय ते चष्म्याशिवाय सांगत. शेवटची दोन वर्षं मोबाइलवर एकच चाललं होतं, गोवा. खाडीतल्या मगरी, डॉल्फिन, धनेश, समुद्रगरुड. "आणि तिथं दुपारी दुकान बंद करून माणूस झोपतोय, माहितंय का तुला?" हे तर मला दिवसातून एकदा ऐकावं लागे.

मी इथल्या शाळेत हेडक्लार्क. नोकरीची चार वर्षं बाकी होती. नाही म्हणायला कारणं भरपूर होती, पण मी नुसतं नाही म्हणणारी बाई नाही. दिवाळीच्या सुट्टीला माझी अर्जित रजा जोडली, महिनाभर भाड्याने घर घ्यायचं ठरवलं आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे राहण्याची कारणं, उजवीकडे न राहण्याची. महिना संपला की पान बघून ठरवायचं.

"बराबर," ते म्हणाले. "फक्त एक कर. महिना व्हायच्या आधी मनातल्या मनात न्हाई म्हणून टाकू नको."

मडगावच्या पुढे खाडीकाठी एका म्हाताऱ्या विधवा बाईंचं घर होतं. पुढे त्या राहत, मागच्या दोन खोल्या आणि पडवी आमची. पडवीच्या पुढे माड, माडांच्या पुढे खाडी. पहिल्या सकाळी भोंगा वाजला म्हणून मी धावत बाहेर आले, तर सायकलवर पाव विकणारा होता. नवरा तोवर तासभर फिरून आलेला, चप्पल हातात, पाय चिखलाने भरलेले.

"एका झाडावर चार जोड्या हायत धनेशाच्या," ते म्हणाले. मेंढवाड्यातून मेंढरं सोडताना दोन-दोन मोजतात, तसं ते पाखरंही जोडीनेच मोजत.

तो पहिला आठवडा मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि आठवला की बरं वाटत नाही. किनाऱ्यावर बोटाच्या पेराएवढे खेकडे वाळूच्या गोळ्या करून नक्षी मांडत, ते बघत हा माणूस तासभर उकिडवा बसलेला असायचा. सुरूच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बसायचा. खाडीत पाणमांजरं येत. मी जुनी चर्चेस बघून घेतली, किल्ला बघितला, मसाल्याची बाग बघितली आणि प्रत्येकापुढे खूण केली. ते माझ्याबरोबर आले, पण चर्चमध्येसुद्धा त्यांनी छताजवळची पाकोळ्यांची घरटी तेवढी बघितली.

मगरी बघायला होडीने गेलो तेव्हाचं सांगते. होडीवाल्याने एक दाखवली, चिखलात ओंडक्यासारखी पडलेली. सगळ्यांनी फोटो काढले. ह्यांनी शांतपणे हात करून आणखी दोन दाखवल्या. होडीवाला चाट.

"काका, तुम्ही इथलेच काय?"

"न्हाई. जालन्याचा."

"तिकडे मगरी आहेत?"

"मगर आणली तर मंग पाणी कुठून आणायचं तिला?"

होडी हसली. उतरताना होडीवाल्याने त्यांचा हात धरून ठेवला. म्हणाला, सीझनला माझ्या होडीत पुढे बसा, काका. तुम्ही बघायचं, मी लोकांना सांगायचं. गंमत म्हणून म्हणाला असेल असं मला वाटलं, पण त्याने नंबर लिहून दिला. परत येताना नवरा तो कागद उलगडून पुन्हा पुन्हा बघत होता. मुलीच्या जन्माच्या वेळी त्यांचा चेहरा तसा झाला होता, त्यानंतर मी तो बघितला नव्हता.

डाव्या बाजूला मी लिहिलं : त्यांना इथे काम मिळू शकतं.

उजवी बाजूही भरत होती. कपडे वाळत नाहीत. मिठाला पाणी सुटतं. घरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाला दहाव्या दिवशी कुबट वास. मुलगी पुण्याला, तिथून रात्रभराचा प्रवास. एक ते चार बाजार बंद, आणि त्याच वेळात मला सगळी कामं आठवतात. हे सगळं खरं होतं. पण खरं सांगायचं तर मला तिथे काय नको होतं ते ह्यातलं काहीच नव्हतं. तिथे माझी कुणाला गरज नव्हती. त्या बाईंच्या घरात सगळं आपोआप चालायचं.

पाणीसुद्धा.

भोकरदनला आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की घरातलं सगळं भरायचं, टाकी, ड्रम, हंडे, कढयासुद्धा. लग्न होऊन आल्यापासून हे माझं खातं. पाणी आलं आणि मी घरात नाही, असं क्वचित झालं असेल. त्यामुळे त्या घरात पोचल्या दिवशी मी आधी मागची पडवी बघितली. तिथे बाईंचे दोन निळे ड्रम रिकामे होते. घासले आणि काठोकाठ भरले.

बाईंनी खिडकीतून बघितलं. "कित्याक गो बाय इतलें उदक?"

"असू द्या म्हटलं. भरलेलं बरं."

नवरा म्हणाला, "अगं, नळ रोज येऊन राह्यलाय. दोन टाइम."

"आणि उद्या नाही आला म्हणजे?"

"समुद्र हाय की समोर. त्याला झाकण घालून ठेव."

मी चिडले. मग तेही हसले, मीही हसले आणि विषय संपला. एका ड्रमला झाकण होतं. दुसऱ्याला नव्हतं, त्यावर मी जुनी ओढणी बांधली. आमच्याकडे ड्रम भरला की वापरला जातो आणि पुढचा नळ येईपर्यंत तळ दिसतो. तिथे नळ रोज होता, म्हणून त्या पाण्याला हात लावायची वेळच आली नाही. ओढणी कधी सैल होऊन आत बुडाली, मी बघितलं नाही. भरून ठेवलंय, एवढं मनाला पुरत होतं.

अठराव्या दिवशी त्यांना ताप भरला. आधी वाटलं, उन्हात फिरतात म्हणून. मग डोळ्यांमागे दुखायला लागलं, हाडं मोडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं. डेंग्यू निघाला. पेशी उतरत गेल्या, डॉक्टर सकाळ-संध्याकाळ आकडा सांगत आणि मी तो लिहून घेत असे. तिसऱ्या दिवशी आकडा असा खाली गेला की मी तो लिहिला नाही.

त्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आले होते. गळ्यात ओळखपत्रं, हातात बॅटऱ्या, अशा आरोग्य खात्याच्या दोन मुली पडवीत वाकून उभ्या होत्या. घरात पेशंट निघाला की आजूबाजूला तपासणी करतात. एकीने ओढणीचं टोक धरून वर उचललं. आत बॅटरी मारली.

"ताई, ह्या बघा अळ्या."

मी बघितल्या. पाण्यात बारीक काळे आकडे वळवळत होते.

"पाणी कधी भरलं होतं?"

"आलो त्या दिवशी."

"म्हणजे?"

"वीस-एकवीस दिवस झाले."

"नळ येत नाही काय तुम्हाला?"

"रोज येतो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग धाकटी जरा मऊ आवाजात म्हणाली, "इथूनच झालं असं सांगता येत नाही हां. शेजारी पण असेल. बाजारात पण चावतो डास." त्यांनी दोन्ही ड्रम कलते करून पाणी माडांच्या मुळाशी ओतलं. बाई खिडकीत होत्या. त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलात परत गेले. ह्यांना काही सांगितलं नाही. पेशंटला असलं सांगत नसतात, हे माझं कारण. पण तिथे स्टुलावर बसून मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली एक सुटका होती. आता पान बघायची गरज राहिली नाही, असं कुणीतरी आतून म्हणत होतं. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

ते वाचले. महिना पुरा व्हायच्या आत आम्ही भोकरदनला परतलो. तीन महिने सांधे धरलेले, जिना चढायला वेळ लागे. लोक भेटायला येत. म्हणत, "कसं काय झालं, भाऊ?" हे म्हणत, "तिथली हवा मला मानवली न्हाई." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज कापला. नंतर सवय झाली. हळूहळू त्यात चेष्टासुद्धा यायला लागली : आम्ही कोरड्या मुलखाचे, मीठ लागलं की आम्ही नासतो. मोबाइलवरचे व्हिडिओ बंद झाले. होडीवाल्याचा नंबर लिहिलेला कागद पाकिटातून निघून कपाटावरच्या बिलांच्या गठ्ठ्यात आला. तो मी पाहिला आणि तिथेच राहू दिला. रोज सकाळी मनात यायचं, आज सांगावं. शाळेत जायची वेळ व्हायची.

उन्हाळा लागता लागता घरमालकीण बाईंचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. म्हणाल्या, मागच्या खोल्या वर्षाच्या कराराने मागायला एक कुटुंब आलंय. पण तुमच्या मिस्टरांनी जाताना मला सांगितलं होतं, बरा झालो की येतो, म्हणून आधी तुम्हाला विचारते. येणार आहात काय?

नवरा शेजारच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. शेंगा फुटल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"नाही," मी म्हटलं. "देऊन टाका त्यांना."

आठ दिवसांनी पुतणीच्या लग्नाचं कापड घ्यायला आम्ही जुन्या जालन्यात गेलो. दुकानदार ओळखीचा. मुलगा गोव्यात हॉटेलची नोकरी घेतोय म्हणाला. ह्यांनी साडीची घडी खाली ठेवली आणि त्या भल्या माणसाला समजावायला लागले. "नका पाठवू. मी भोगून आलोय. हवा बिलकुल चांगली न्हाई, माणूस खलास होतो." दुकानदार काळजीत पडला. घरी फोन करतो म्हणाला.

भोकरदनच्या बसमध्ये बसलो तेव्हा मी सांगितलं. ड्रम, ओढणी, त्या दोन मुली, सगळं क्रमाने. "इथूनच झालं असं सांगता येत नाही" हेसुद्धा सांगितलं, कारण ते त्या खरंच म्हणाल्या होत्या.

त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली.

"म्हणजे हवा न्हाई."

"नाही."

"मी चांगला होतो तिथं."

"हो."

"मंग जाऊ की परत," असं म्हणून ते माझ्याकडे वळले. चेहरा उजळायला लागला होता. मला पुढचं सांगावंच लागलं. बाईंचा फोन, माझं उत्तर.

"कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि मला आज सांगून राह्यली." आवाज चढला नाही. "मी डोक्यातून काढलं होतं गं. लई कष्टानं काढलं होतं. एक तर तेव्हा सांगायचं, न्हाई तर कधीच न्हाई."

मी म्हटलं, दुसरं घर शोधू, खाडीकाठी घरं काय कमी आहेत, मी उद्याच यादी करते. ते नुसते मान हलवत होते. होकाराची मान नव्हती ती.

केदारखेडा आलं तशी त्यांनी कापडाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "भावाकडं जाऊन येतो," म्हणाले आणि उतरले. कंडक्टरने विचारलं, काकांचं तिकीट तर भोकरदनचं आहे. मी म्हटलं, असू द्या.

तिसऱ्या दिवशी परत आले. जेवले, पेपर वाचला, गच्चीवर जाऊन आले. भांडण झालं नाही. मी दोनदा घरांचा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी आवाज न करता खोली सोडली.

अजूनही कुणी ना कुणी विचारतं, गोव्याला राहायला जाणार होता ना, काय झालं? हे आता हवेचं काढत नाहीत. खुर्चीत मागे टेकतात आणि माझ्याकडे बघतात. विचारणाराही मग माझ्याकडे वळतो. मी चहा टाकते म्हणून उठते.